मांजराचं गजकर्ण

त्या मार्चमध्ये मी हातावर हात ठेवून बसायला शिकले, आणि तेही खाजवायचं नाही म्हणून. डाव्या मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला, एक लाल गोल उठला होता. कडा उंच आणि खरखरीत, मधली कातडी फिकट. पुस्तक उघडावं तर खाज, पोळी लाटावी तर खाज. खाजवलं की क्षणभर स्वर्ग आणि मग नुसती आग. मी मुळात तापट. त्या दिवसांत माझ्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही तिकडे उत्तरेत, निशातगंज मोहल्ल्यात भाड्यानं राहत होतो. मूळचे साताऱ्याचे, बाबा एका संशोधन संस्थेत झाडांच्या रोगांवर काम करत. माझं एम.ए. होऊन मी घरी बसले होते, म्हणजे आईच्या मते लग्नाची होते. आणि एक पिवळं मांजर होतं, ते माझं. रात्री माझ्याच हातावर डोकं ठेवून झोपायचं. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मला बघायला माणसं येणार होती, आणि नेमके त्याच सुमारास मांजराच्या अंगावरचे केस जायला लागले.

आधी कानांच्या कडा उघड्या पडल्या, मग डोळ्यावर एक गोल, मग पुढच्या पंजावर. त्यावर राखेसारखा कोंडा. गंमत म्हणजे मांजर अजिबात खाजवत नव्हतं, खाजवत होते ती मीच. आईला पहिला संशय पिसवांचा. तिनं उवांच्या फणीनं मांजर विंचरलं आणि निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकला. पिसवांची घाण असेल तर ती फडक्यावर लाल उतरते. काही उतरलं नाही. कानात किड्यांचा काळा भुगा आहे का पाहिलं, कान स्वच्छ. मग मासळी बाधली असेल म्हणून मासळी बंद, आणि मांजर माझ्याकडे असं बघायला लागलं की जणू मीच खाल्ली. मग कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ. त्यानं कातडी आणखी कोरडी पडली. शेवटी आईनं फरशीवर फिनेल ओतलं, आणि मांजर ओले पंजे चाटून लाळ गाळायला लागलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. मांजरांना फिनेल बाधतं, आई! बादली मीच मोरीत उपडी केली.

दुसऱ्या दिवशी मांजर पिशवीत घालून हजरतगंजच्या पलीकडे, जनावरांच्या दवाखान्यात गेलो. आमच्या पुढे एक म्हैस होती. डॉक्टरांनी मांजराच्या गोलाच्या कडेचे चार केस चिमट्यानं उपटले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि म्हणाले, "दाद है."

आईला दाद ठाऊक होती ती गाण्याला देतात तेवढीच. ती म्हणाली, "किस बात की?"

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "आई, गजकर्ण म्हणतायत ते."

डॉक्टरांनी माझ्या हाताकडे नजर टाकली. "और बिटिया को भी मिल गई है."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही बुरशी. केसांत आणि कातडीत राहते, एका मांजराकडून दुसऱ्याला लागते, मांजराकडून माणसाला लागते. कधी मांजर दिसायला धडधाकट असतं आणि तरी घेऊन फिरत असतं. गोलाभोवतीचे केस कापा, मलम लावा, गोळ्या द्या, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. केस परत आले म्हणून औषध थांबवू नका. महिना, कदाचित जास्तच. "मरता कोई नहीं इससे, बहनजी. बस, सब्र चाहिए."

सब्र आमच्या घरात कुणाकडेच नव्हता. रिक्षात आई सारखी माझा हात ओढून तो गोल बघत होती, आणि तेही लाल कडेकडे नाही, मधल्या फिकट भागाकडे. "लोक कोड म्हणतील," ती म्हणाली. "मांजर उद्याच्या उद्या दूधवाल्याच्या गोठ्यात जाईल."

"मग मीही जाते गोठ्यात. तिथंच बघायला बोलव त्यांना."

बरीच वादावादी झाली. ठरलं असं, की रविवारी मांजर मागच्या बाल्कनीत कोंडायचं आणि मी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायचा. जमलं तर मांजर राहील. या कारणावरून मोडलं तर ते गोठ्यात जाईल, आणि मी एक शब्द बोलायचा नाही. बाबांनी मान डोलावली आणि वर्तमानपत्र वर धरलं. ते कायम तेच करत.

रविवारी मुलगा आणि त्याची आई आली. मुलगा विमानदलात, देखणा, गप्प. त्याच्या आईनं मुंबईहून विमानानं अमौसी विमानतळावर उतरल्याचं तीनदा सांगितलं. मी पोहे दिले, बसले, आणि त्या लांब बाहीच्या आत घाम आणि खाज यांनी माझा जीव काढला. बोटं आवळून मी प्रश्नांची उत्तरं देत होते. काय छंद आहेत, स्वयंपाक येतो का. बाल्कनीतून मांजर ओरडत होतं. आई खोकून खोकून त्यावर पांघरूण घालत होती.

पसंती दिसत होती. त्याच्या आईनं हसत हातातली बांगडी काढली. "बघू गं हात, माप कळेल." आणि बांगडी चढवताना तिनं माझी बाही वर सरकवली.

तिची बोटं माझ्या हातावर तशीच राहिली. "हे काय? कोड तर नाही ना?"

"डास," आई म्हणाली. "डास चावलाय. इथं फार—"

आईचा आवाज कापत होता. तो ऐकून माझं डोकं फिरलं. "गजकर्ण आहे," मी म्हटलं. "माझ्या मांजराकडून आलंय. औषध चालू आहे, महिन्याभरात जाईल. तुम्ही आता हात लावलाय, तर साबणानं धुवून घ्या."

तिनं हात धुतले. बांगडी मात्र न धुताच पर्समध्ये टाकली. मुलगा चहा संपवून उठला. संध्याकाळी फोन आला की पत्रिका जुळत नाही.

फोन ठेवून आई आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले, भांडायच्या तयारीनं. मांजर देणार नाही, काय वाटेल ते कर, हे सगळं मनात जुळवून ठेवलेलं होतं. ती ओट्याला टेकून उभी होती. मला पाहून तिनं दार लोटलं, कमरेचा पदर बाजूला केला आणि परकर किंचित खाली सरकवला. डाव्या कमरेवर तळहाताएवढा पांढरा डाग होता.

"लग्नाआधीपासून आहे," ती म्हणाली. "आमच्या घरच्यांनी लपवला. तुझ्या बाबांना नंतर कळलं. ते काही बोलले नाहीत, मग मीही कधी बोलले नाही."

मला तिची लाज वाटली नाही, बाबांचा संताप मात्र आला. इतकी वर्षं एका घरात, आणि कातडीवर एक शब्द नाही.

"तू कसं काय सांगून टाकलंस गं?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. मग डागाकडे बोट करून हळूच म्हणाली, "त्या मलमानं हे जाईल का?"

"नाही, आई. हे बुरशीचं नाही. तिथला रंग गेलाय फक्त. ते दुखत नाही, आणि कुणाला लागतही नाही."

"लागत नाही?"

"अजिबात नाही."

"नक्की?"

"नक्की."

"तुला मी या कडेवर कधी घेतलं नाही," आई म्हणाली, आणि रडायला लागली.