डीलियाच्या घरचा धूर

डीलिया कीव्हनीच्या धुराड्यातून भर उन्हाळ्यात, जूनमध्येसुद्धा पहाटेपासून धूर निघायचा. लोक हसायचे. हसोत बापडे, तिला त्याचं काही नव्हतं.

मुळात बाई संशयी. प्रवचन देताना पाद्रीबाबांनी घड्याळाकडे पाहिलं, तरी ते आपल्यावरच उखडलेत असं तिला वाटायचं. लीट्रिम परगण्यातल्या एका डोंगरउतारावर ती एकटी राहायची. शेजारी एकच, पॅकी डर्कन, आणि त्याच्यावर तर तिची कायम करडी नजर असायची.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत बर्फ पडायला लागला तो थांबेचना. कुंपणं बुडाली, वाटा बुडाल्या. घरामागे टर्फची रास होती, दलदलीतून कापून वाळवलेलं जळण. ते संपलं की माणूस गारठून मेलाच म्हणायचा. आणि ती रास रोज ठेंगणी होत चाललेली! सोमवारी खांद्याला लागत होती, गुरुवारी कमरेला.

"पॅकीच तो! दुसरं कोण मरायला येतंय इथं?" ती मांजराला म्हणाली.

चोर पकडायचा तर घर रिकामं वाटायला हवं. तिने निखारे राखेत गाडले, दोन कोट चढवले आणि चुलीचा चिमटा घेऊन दाराआड बसली. एक दिवस कुडकुडत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फावड्याचा आवाज आला. खर्र, खर्र. आलास का मेल्या! पण आवाज राशीकडे वळेना, सरळ दाराकडेच येत होता. म्हणजे आता घरही धुऊन नेणार!

दार ढकललं गेलं. तिने चिमटा उगारला.

उंबऱ्यात पॅकी. टोपी हातात, ओठांवर मेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना. तिला पाहून त्याने टोपी परत डोक्यावर चढवली.

"जिवंत आहेस? अगं बये, तुझ्या धुराड्यातून धूरच नाही! मला वाटलं, गेलीस."

"माझं टर्फ चोरतोस आणि वर..."

"टर्फ? रास होती तेवढीच आहे गं. बर्फ वर चढलाय. तू कशावर उभी राहून बघतेस, ते तरी बघ!"

डीलियाचा चेहरा उतरला. तरी संशय सुटेना. "मग हे फावडं कशाला?"

"मेंढ्या काढत होतो. सहाजणी शेताच्या भिंतीलगत गाडल्या गेल्यात. बर्फात त्यांच्या श्वासाची भोकं दिसत होती. मग तुझ्या धुराड्याकडे लक्ष गेलं."

"कधी?"

"सकाळी. तेव्हापासून तुझ्या दारापर्यंत वाट खणत येतोय."

तिने आपलं फावडं उचललं आणि त्याच्या पुढे चालू लागली. तोवर श्वासाची भोकं बुजली होती. दोघांनी अंधार पडेपर्यंत खणलं. एक मेंढी जिवंत निघाली, पाच मेलेल्या.

पॅकीने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच डीलियाला सोसवेना. एकदा तरी शिव्या घालेल म्हणून ती वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. रोज पहाटे चूल पेटवून अंगणात यायची आणि ओरडायची, "दिसतोय का रे धूर?"

"दिसतोय, दिसतोय," पॅकी मान वर न करताच म्हणायचा.

"बघितलं तरी का मेल्याने?" ती पुटपुटायची, आणि आत जाऊन चुलीत आणखी टर्फ सारायची.