पूजेत मांडलेल्या कॅपा

खंडेनवमीला रॉकेल आणि झेंडूचा वास एकत्र आला, की मला अजून कसंनुसं होतं. मी गॅरेजमध्ये शिकाऊ होतो, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नेसरी गावच्या एका गाडीचं इंजिन नव्यानं बांधलं होतं. दोन दिवस राबून ते फिरवायला गेलो, तर आम्ही दोघं पान्याला लोंबकळलो तरी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जेमतेम हलला. मिस्त्रींनी प्लग काढले, तरी तसंच. गाडीवाला सकाळपासून नारळ घेऊन ताटकळत होता. "उतरीव परत," मिस्त्री म्हणाले. खालचं चेंबर काढून ते क्रँकला धरणाऱ्या पाच कॅपा एकेक करून ढिल्या करत गेले, आणि मी दरवेळी क्रँक फिरवून बघत राहिलो. दुसरी आणि चौथी सुटली, तसा तो एका हातानं फिरला. मिस्त्रींनी दोन्ही कॅपा उजेडात धरल्या. "अदलाबदल झाली की रं. नंबर दिसलंच न्हाईत मला. डोळं गेलं बघ माझं." त्यांनी ओळीनं लावून ठेवलेल्या त्या कॅपा खंडेनवमीला मीच रॉकेलनं धुऊन, कुंकू लावून पूजेत मांडल्या होत्या, आणि नंतर अंदाजानं परत ओळीत ठेवल्या होत्या. सांगायला तोंड उघडलं, पण गाडीवाला बघत होता. "बसवूया परत," एवढंच म्हणालो. त्यानंतर मिस्त्रींनी इंजिनाला हात लावला नाही. दारातल्या स्टुलावर बसून ते पेपरातलं बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचायचे. मी ते रोज बघायचो आणि कामाला लागायचो. आज पूजेत ते रिकामं स्टूल मीच धुऊन मांडलंय.