आणखी आठ दिवस

घरात नवं बाळ आलं की सगळे आधी पाळण्याकडे धावतात. अक्का आल्या त्या सरळ माझ्या खाटेशी. पिशवी हातात तशीच, आणि पहिला प्रश्न, "पोटभर जेवलीस काय गं?" दवाखान्यातून आल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "रडून घे," त्या म्हणाल्या, "तवर मी भात टाकतो."

हो, "टाकतो". अक्का बेळगाव-खानापूरकडच्या, आणि तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. पुण्याहून आलेली मी पहिले दोन दिवस तोंड लपवून हसले.

बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायट्यांत त्यांना सगळे न्हाणीवाल्या अक्का म्हणत. सव्वा महिना बाळंतिणीच्या घरी राहायचं, आई-बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक-धुरी द्यायची, हे त्यांचं काम. आम्हा आयटीतल्या मुलींच्या आया दूर, सासवा त्याहून दूर. माझी आई पाय मोडून पुण्यात पडलेली, सासूबाई धाकट्या सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत. अक्का नसत्या तर मी मोबाइलवर बघून बाळाला न्हाऊ घातलं असतं.

त्यांचे नियम पक्के होते. पाणी कोपराने तपासायचं. बाळाला पायांवर घेतलं की साक्षात देव दारात आला तरी उठायचं नाही. आणि "लेकराच्या अंगावर पाणी असताना आपण रडायचं नाही. त्याला वाटतंय, आपलंच काय तरी चुकलं." एकदा धुरीच्या धुराने बिल्डिंगचा अलार्म वाजला आणि सिक्युरिटीवाला धावत वर आला. "स्वल्प निल्ली, मगू मलगिदे," थांबा जरा, बाळ झोपलंय, असं त्याला कानडीत दटावून अक्कांनी दार लावून घेतलं. माझा नवराही त्यांना वचकून असायचा.

"आमच्या गावात ह्या कामातल्या आम्ही तिघी," त्या सांगायच्या. "तिघी पण आता हितंच. एक मल्लेश्वरमला, एक इंदिरानगरला."

"मग गावातल्या बाळंतिणींचं कोण बघतं?" मी विचारलं. अक्का डिंकाचे लाडू वळत राहिल्या. त्यांची एकुलती लेक सुमन तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, नुकताच आठवा लागला होता. माहेरी म्हणजे कानाने अधू असलेल्या बापाजवळ. माझा सव्वा महिना संपला की अक्का गावी जाणार होत्या. माझ्या एका मऊ सुती साडीची दुपटी त्यांनी सुमनच्या बाळासाठी शिवून पिशवीत ठेवली होती.

सव्वा महिना झाला त्याच दिवशी मला ताप भरला. नवऱ्याची रजा संपलेली. मी अक्कांचा हात धरला, "आणखी आठ दिवस थांबा ना." त्यांनी सुमनला फोन लावला. "तुला अजून अवकाश हाय की," असं तिला म्हणाल्या, पण सांगत होत्या स्वतःलाच. ते मला तेव्हाही कळलं होतं. मी कळल्याचं दाखवलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन वाजला तेव्हा माझी लेक त्यांच्या पायांवर होती. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी नुसतं ऐकलं आणि "बरं" म्हणाल्या. मग बाळाच्या अंगावर शेवटचा तांब्या घातला, पुसलं, धुरी दिली, घट्ट गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं.

सुमनच्या कळा वेळेआधी सुरू झाल्या होत्या. आजूबाजूला सगळी म्हातारी माणसं, गाडी चालवणारं गावात कुणी उरलेलंच नाही. शेजारच्या गावातून गाडी येईपर्यंत उशीर झाला. सुमन वाचली, मुलगा गेला. अक्का दुपारच्या बसने निघाल्या. दुपटी त्यांनी नेली नाहीत. "तुझ्या लेकीला होतील," म्हणाल्या.

त्या परत आल्या नाहीत. सोसायटीतल्या मुली त्यांचा नंबर मागत, मी काहीबाही सांगून टाळायचे.

गेल्या डिसेंबरात, चार वर्षांनी, लेकीला घेऊन मी त्यांच्या गावी गेले. माफी मागायची होती. वाटभर शब्द जुळवले होते, पण अक्कांनी ते पुरे होऊ दिले नाहीत. "तू थांब म्हणालीस. थांबलो मी," इतकंच बोलल्या. माझ्या लेकीच्या हातावर त्यांनी गूळ-शेंगदाणे ठेवले. सुमन नवऱ्याबरोबर गोव्याला असते, तो तिथे कारखान्यात आहे.

"बोलते ना तुमच्याशी?"

"बोलते की. दिवाळीला फोन करते."

"परत चला, अक्का," मी म्हटलं, "तिकडे पोरींचं तुमच्यावाचून अडतंय."

"नको गं. गावात कोण तरी पायजे. एकदा मी नव्हतो, ते पुरे झालं."

गल्लीत बहुतेक दारांना कुलपं होती. "यंदा कुणाचं बाळंतपण आहे इथे?" मी विचारलं.

अक्कांनी एका टोकापासून एकेक घर नजरेखालून घातलं.

"यंदा कुणाचं नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या साली पण नव्हतं."