फ्रँक नाखव्याचं बाक

समुद्राकडे तोंड करून पाली गाव बसलंय, आणि गावाकडे तोंड करून फ्रँक नाखवा. दोन बोटींचा मालक. ओहोटी गुपचूप जाते, भरती मात्र गाजत येते. फ्रँकचं दान भरतीच्या जातीचं. देवाला देताना त्याचा हात कधी आखडला नाही. दिलेलं दिसलं पाहिजे, एवढीच त्याची अट. दानाची थैली समोर आली की तो नोट आधी उजेडात धरून सरळ करायचा, मागच्या रांगेला रंग कळेपर्यंत.

गेल्या वर्षी त्याने चर्चला सागवानी बाक दिलं. चंदन सुताराने विचारलं, नावाची पट्टी पाठीला मागून लावू ना, इतर बाकांना असते तशी? फ्रँकला ते पटलं नाही. मागे माणसं बसतात, वेदी पुढे असते. नाव देवाने वाचायला हवं. पट्टी पुढूनच लाव, आणि अक्षरं पितळेची, चांगली उठावाची. चंदनने तशी लावली. सुताराला काय, खिळा दोन्हीकडून बसतो.

पहिल्याच रविवारी कुणीतरी टेकून बसलं आणि नाव झाकलं गेलं. तेव्हापासून फ्रँक मिस्साच्या प्रार्थनेआधी बाकाजवळ उभा राहू लागला. येईल त्याला नम्रपणे पलीकडची जागा दाखवायचा. लोक शिकले. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, असं फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलं. फ्रँकने मान डोलावली आणि डाव्या हाताने पट्टी पुसली.

सणाला बिशप येणार होते. वेदीवरून त्यांनी नाव वाचावं, यात फ्रँकचा जीव अडकला. चर्च गच्च भरलं, म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मधोमध रिकामं बाक चकाकत राहिलं. बिशप वेदीवर चढले. तेवढ्यात फ्रँकची बायको आयरिन भिंतीपासून निघाली. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकता विकता तिचे गुडघे झिजलेले. ती येऊन बाकावर बसली. पट्टीवरचं ‘फ्रँक’ तिच्या पाठीआड गेलं, नुसतं आडनाव उरलं.

फ्रँक वाकून कुजबुजला, “आयरिन, सर जरा. नाव झाकतंय.”

“निम्मं बाक माझ्या पाटीच्या पैशाचं हाय,” ती वेदीवरची नजर न काढता म्हणाली. “मी माझ्या निम्म्यावर बसले. तू तुझ्या निम्म्यावर बस. न्हायतर म्हाताऱ्यांना बोलाव.”

मागे कुणीतरी उगाच खोकलं. फ्रँक बसला. आपण दिलेल्या बाकाला त्याची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा टेकली, आणि आपलं आडनाव किती टोचतं ते मिस्सा संपेपर्यंत त्याच्या मणक्याला कळत राहिलं.

सोमवारी त्याने चंदनला बोलावणं धाडलं. पट्टी काढ आणि मागून लाव, इतर बाकांसारखी.

चंदनने हातोडी खाली ठेवून विचारलं, “मग देवाने कसं वाचायचं, नाखवा?”

“देवाला ठाऊक हाय रे,” फ्रँक म्हणाला. “गावाला कळाया नको?”