बँकेत आलेला सुकेळ्यांचा वास

आर्या, नील, तुमची आजी इंग्रजी शाळेत शिकली आणि पुढे विज्ञानच शिकवत आली, हे तुम्हांला ठाऊक आहे. अंगारे-धुपारे आपल्या घरात कधी चालले नाहीत. तरीही हे लिहितेय... कारण स्मिताआत्याच्या आजारपणातली ही एक गोष्ट फोनवर तुम्हांला सांगायचं मी टाळलं होतं.

आजाराची सुरुवात विचित्र होती. सातिवलीच्या कारखान्यात हिशेब बघणारी, कधी न चुकणारी ही मुलगी एकाएकी विसरायला लागली. भिंतीकडे बघून हसायची. एके दुपारी जेवताना म्हणाली, "आई, सुकेळी वाळत घातलीत का गं कुणी?"

सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. आपली वाडी होती तेव्हा आम्ही करायचो. आता वाडीच्या जागी ही बिल्डिंग आहे... आणि त्या दिवशी श्रावणातली झड लागलेली!

मी "नाही" म्हणेपर्यंत ती ताटावर कोसळली. हातपाय झटकायला लागली.

"चप्पल लाव नाकाला! कांदा फोड!" थोरल्या जाऊबाई ओरडल्या.

"काही लावायचं नाही, वहिनी. तिला कुशीवर वळवा आधी."

"तू आणि तुझी पुस्तकं!" त्या कडाडल्या, पण वळवायला लागल्या.

मग झटक्यांवर झटके. प्रत्येकाच्या आधी तोच गोडसर, आंबूस वास. पण फक्त तिलाच. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, मेंदूला सूज आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच तिच्या मेंदूवर उलटल्या आहेत. सुजेमुळे झटके येतात, झटक्यांनी सूज वाढते. नुसत्या फिटच्या गोळ्यांनी भागणार नाही, सूज उतरवावी लागेल. आणि वास? "तो बाहेर नाही, आई. मेंदूचा तो भाग चाळवला की तिला वास येतो. दुसऱ्या कुणाला येणं शक्य नाही."

मला पटलं. आजही पटतं.

सूज उतरवायची औषधं लागू पडली, आत्या घरी आली. सूचना एकच होती, बाथरूमची कडी लावायची नाही. पण जन्माची सवय... हात आपोआप कडीकडे जायचा.

त्या दिवशी मी विरारला बँकेत होते. बाहेर पाऊस, आत एसी, सगळ्या खिडक्या बंद. खुर्चीत बसले होते आणि एकदम वास आला. सुकेळ्यांचा! इतका दाट की मी शेजारच्या बाईंना विचारलं, "तुम्हांला येतोय का?"

"कसला वास, आजी?"

मी लगेच घरी तुमच्या आबांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय... शेवटी उचलला.

"स्मिता कुठंय?"

"आंघोळ करतेय. पाण्याचा आवाज येतोय."

"तिला हाक मारा."

"अगं, बाथरूममध्ये आहे पोर! काय नवीन खूळ हे?"

"मारा हाक!"

फोनमधून ऐकू येत होतं – "स्मिता... ए स्मिता..." दारावरची थाप. नळाची धार.

"ओ देत नाही गं." आबांचा आवाज फाटला.

"शेजारच्या फ्रान्सिसला बोलवा. दार तोडा."

मग धावपळ, धक्के, लाकूड मोडल्याचा आवाज... नंतर फोनच बंद झाला. विरारहून वसईपर्यंत रिक्षात मी काय केलं, मला आठवत नाही.

झटका येऊन ती पालथी पडली होती. टॉवेल जाळीवर पडल्यानं पाणी तुंबलेलं, आणि तिचं तोंड त्या पाण्यात. फ्रान्सिसनं उचललं म्हणून वाचली. तो मला म्हणाला, "आंटी, नाकापर्यंत पानी होतं. जरा उशीर झाला असता तर..."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले, "मग तुमचाही एमआरआय करू या?"

"करा," म्हटलं. केला. काहीही निघालं नाही.

आईची काळजी म्हणावी, तर काळजी मला रोजच होती. वास त्या एकाच दिवशी आला. बँकेत कुणाच्या पिशवीत सुकेळी असतील, असंही मनाला समजावून पाहिलं. पण मग शेजारच्या बाईंना वास कसा नाही आला?

बाथरूमची कडी आम्ही काढून टाकली आहे. झटकेही आता थांबलेत. तरी रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते.

"आई, येतोय का वास?"

मी हातातलं काम थांबवते. नीट हुंगते.

"नाही. जा."

मगच ती आंघोळीला जाते.