लाकडी पिस्तुलाची खंडेनवमी

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातल्या सैन्यांनी स्वतःची म्हणून मिरवलेल्या पिस्तुलांचं माहेर शोधायचं, हा पद्माकररावांचा जुना नाद. नोकरीही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ड्राफ्ट्समनची, मग नादाला काय कमी! तीन महिन्यांसाठी मुलाकडे सिडनीला आले आणि कोरोनाने विमानंच बंद पडली. तेव्हा क्वेकर्स हिल उपनगरातल्या मुलाच्या गॅरेजमध्ये कुंपणाच्या उरलेल्या फळ्यांतून त्यांनी रशियन टोकारेव्ह पिस्तूल कोरलं, चांगलं हातभर लांब. वर काळं बूटपॉलिश. बाहेरची ठेवण ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्ररचनाकाराच्या बेल्जियन पिस्तुलाची, आतली चाल त्याच ब्राउनिंगच्या अमेरिकन कोल्टची, मग यात रशियाचं किती, असं ते सुनेला ऐकवत. चारुता बिचारी ऐकून घेई.

खंडेनवमीला पट्टी-कंपासशेजारी त्यांनी तेही मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि हौसेने फोटो शेजाऱ्यांच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'हॅपी वेपन वर्शिप डे'. अगदी जवळून काढलेल्या फोटोत ना लाकूड कळत होतं, ना लांबी.

ग्रुपवरच्या कुणीतरी कळवलं आणि दुपारी पोलिसांचा फोन आला, घरी येतोय म्हणून. मुलाचा, सलिलचा, पीआरचा म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज अजून लटकलेला. आपल्यापायी पोराचं इथलं बस्तान उठणार, अशी पद्माकररावांना धास्ती पडली.

मास्क लावलेली कॉन्स्टेबल दारात आली. त्यांनी ते धूड दोन्ही हातांनी पुढे केलं आणि हे माझं, मुलाचा काही संबंध नाही, असं एका दमात सांगून टाकलं. तिने पिस्तूल पाहिलं, त्यावरचं कुंकू पाहिलं आणि मास्कआड हसायलाच लागली. वर नळी का हलते म्हणून विचारलं. झालं! स्लाइडबरोबर, म्हणजे वरच्या सरकत्या खोळीबरोबर, नळी मागे कशी सरकते, मग मागून खाली कशी झुकते, सगळं दाखवून झालं.

“नो वरीज, मेट. फोटो तेवढा काढून टाका,” ती म्हणाली. मुलाच्या अर्जाचं त्यांनी धीर करून विचारलं, तर यात त्याचं नाव येण्यासारखं काहीच नाही म्हणून ती निघून गेली.

पद्माकरराव मटकन खाली बसले. इतकं हायसं वाटलं की डोळे वाहू लागले. सलिल त्यांची पाण्याची बाटली आणायला त्यांच्या खोलीत गेला, तो भरलेली बॅग घेऊनच बाहेर आला.

“बाबा, हे काय?”

“म्हटलं, मला नेलंच, तर तुझी धावपळ नको.”

सलिलने स्वेटर परत कपाटात लावले, गोळ्या उशाशी ठेवल्या. पासपोर्ट मात्र स्वतःच्या खिशात टाकला.