पल्याडचा माणूस

आमच्या आंजी गावाबाहेर एक पाझर तलाव आहे. संक्रांत झाली की एका रविवारी आम्ही पन्नाशी उलटलेली माणसं त्यात होड्या सोडतो. कागदाच्या नव्हेत, सावरीच्या लाकडाच्या, हातभर लांब, शिडाच्या. रिमोट नाही, मोटर नाही. एकानं या काठावरून होडी सोडायची, वाऱ्यानं ती पल्याड न्यायची, तिथल्या माणसानं बांबूनं तिचं तोंड फिरवून परत पाठवायची. म्हणून प्रत्येक होडीला माणसं दोन, एक सोडणारा, एक फिरवणारा. जोडी नाही तर शर्यत नाही. हा नियम आमच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचा. क्लब त्यांनी काढला, शिट्टीही त्यांच्याच गळ्यात.

आमचा फिरवणारा दादा, माझा थोरला भाऊ. सोडणारा मी. सोडण्याचा सराव मला लहानपणापासून. आमच्या किराणा दुकानातल्या काचेच्या बरण्या आता सगळ्या प्लास्टिकच्या आहेत, त्या माझ्यामुळेच.

होडी दादानंच केलेली. बुडाला दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन, शिडाला त्याच्याच छत्रीचं काळं कापड. दोन पावसाळे तो नुसत्या काड्या डोक्यावर धरून हिंडला. शर्यतीच्या दिवशी तो तलावापलीकडच्या बाभळीखाली उभा राही, खोडातल्या खिळ्याला पिशवी अडकवी आणि होडी फिरवली की अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असं ओरडे, "आली, घे बे!" मग मी हात पुढे करायचा. अकरा वर्षांत आम्ही एकदाही जिंकलो नाही. ओरडण्यात मात्र पहिला नंबर.

निघताना तो वहिनींना दर वर्षी विचारायचा, "येतं का वो?"

"अन् पोया कोन लाटन? तुमचा तलाव?"

गेल्या पावसाळ्यात दादा दुपारचं जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

यंदा मी शर्यतीचं नावच काढलं नव्हतं. वहिनींनीच कोठीवरून होडी उतरवली, पदरानं पुसली.

"भाऊजी, शर्यत कवा हाये?"

"आपली नाई यंदा. पल्याड कोन उभं राहीन?"

"मी राह्यतो." मग शिडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "इतके वर्सं बलावत होते, मी एकदाबी नाई आली. जिंकाचं नाई काई. एकदा जाऊन वापस आलेली पाहू द्या मले."

शर्यतीच्या दिवशी मास्तर शिट्टी हातात घेऊन घुटमळले. "बाई मानूस... नियमात..."

"नियम लिवला कुठं हाये, मास्तर? दाखवा," वहिनी म्हणाल्या. मास्तरांनी तो कुठंच लिहिला नव्हता.

बाभळीखाली चिखल आणि काटे, म्हणून वहिनींनी त्याच काठाला, जरा बाजूच्या धुण्याच्या दगडांवर उभं राहायचं ठरलं. ठरवलं मीच, तीनदा बजावलंही मीच. "दगडावरून हलू नका, वहिनी. होडी तुमच्या पायाशी आणून देतो." बाजाराला जायची साडी नेसून, बांबू सांभाळत त्या तलावाच्या पाळीवरून पल्याड गेल्या.

आता आमच्या होडीचं एक सांगतो. शिडाच्या दोरीला दादानं गाठी मारून ठेवल्या होत्या. पहिल्या गाठीवर दोरी अडकवली की होडी दगडांकडे जाते, दुसऱ्या गाठीवर बाभळीकडे. यात अवघड काही नाही. दुकानातल्या मापाइतकं सोपं.

शिट्टी वाजली. मी गुडघ्यावर बसून दोरी अडकवली आणि होडी सोडली.

काय गेली म्हणता! अकरा वर्षांत अशी गेली नव्हती. डुलली नाही, भरकटली नाही, सगळ्यांच्या पुढे. मी उभा राहून नाचायचाच बाकी होतो. "वहिनी, पाहा, आली!" वहिनी दगडांवर बांबू रोखून तयार होत्या आणि होडी त्यांच्याकडे जातच नव्हती. ती सरळ बाभळीकडे निघाली होती. माझ्या बोटांनी मला न विचारता दुसरी गाठ अडकवली होती.

बाभळीखाली काठाला टेकून होडी थांबली. शिड फडफडत राहिलं. तिथं कुणीही नव्हतं.

वहिनी चिखलातून धावल्या. एक चप्पल रुतली, ती सोडून पुढे गेल्या. बाकीच्या होड्या एव्हाना फिरून परतीला लागल्या होत्या. वहिनी होडीपाशी पोचल्या, पण बांबू लावेनात. खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. एवढ्या लांबून खिळा दिसत नाही, पण हात कुठं आहे ते मला कळलं.

पाण्यावरून त्यांचा आवाज आला, "हे इथंच उभे राह्यत होते का, भाऊजी?"

"हो."

"उन्हातच?"

बाभळीची सावली ती कितीशी!

मग त्यांनी अगदी हळू, झोपलेल्या लेकराची कूस बदलावी तशी होडी फिरवली. सगळ्या होड्या काठाला लागल्या होत्या. तलावात आमची एकटीच येत होती, आणि मास्तरांसकट कुणी काठावरच्या पोह्यांच्या पातेल्याकडे वळलं नाही. मी गुडघ्यावर बसलो. होडी जवळ आली, आणखी जवळ आली. मी हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिलो. ती काठाच्या दगडावर आपटली आणि डोलकाठी बुडाशी मोडून छत्रीच्या कापडासकट पाण्यात पडली.

"वापस आली का?" वहिनींनी पल्याडहून विचारलं.

"आली, वहिनी!"

हातात एकच चप्पल घेऊन त्या पाळीवरून आल्या. तोवर मी मोडलेली काठी सदऱ्यात लपवली होती. ओलं काळं कापड गळ्यातून बाहेर लोंबत होतं, म्हणजे लपवण्यातही माझी हुशारी तेवढीच.

त्यांनी होडीकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे.

"मी बराबर फिरवली ना?"

"एकदम बराबर."

"मंग मोडली काऊन?"

हात पुढे करायला मी दादाच्या ओरडण्याची वाट पाहत होतो, हे मला त्यांना सांगता आलं नाही.

"माह्या हातून सुटली," मी म्हटलं.